पन्नास सह्यांचा वकील

मुलांनो, मागच्या आठवड्यात आमच्या पाचोडच्या एका शाळेत गेलो होतो. हेडमास्तरांच्या खोलीत चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात दारात सातवीतली तिघं येऊन उभी राहिली. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीच्या हातात वहीचा फाडलेला कागद. ती म्हणाली, "सर, साऱ्या वर्गाचं म्हणणं आहे, सहल पैठणला नको, वेरूळला न्या."

आता पैठण म्हणजे आमच्या तालुक्याचंच गाव. नाथषष्ठीला, लग्नाला, बाजाराला पोरं तिथं दहा वेळा जाऊन आलेली. तेव्हा मागणी काही अगदीच वावगी नव्हती. पण हेडमास्तरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "साऱ्या वर्गाचं? तुम्ही तर तिघंच दिसता. वर्गाच्या वतीनं बोलायला तुम्हाला कुणी पाठवलं?"

तिघंही एकमेकांकडे बघू लागली. एकाने कान खाजवला. मग हळूच "येतो सर" म्हणून तिघं निघून गेली.

मला मात्र हसू आलं. कारण अगदी हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या मोठ्यामोठ्या माणसांसमोर आला होता. त्याचं उत्तर शोधण्यात पुढे होता एक वकील. त्याचे नाव गणेश वासुदेव जोशी. पण या नावाने त्याला फारसे कोणी ओळखत नाही. सगळे त्याला म्हणत 'सार्वजनिक काका'. आज या काकांचीच गोष्ट सांगतो.

काकांचा जन्म १८२८ साली साताऱ्याला झाला. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. साताऱ्याला छत्रपतींची गादी अजून होती, पण पुण्यावर इंग्रजांचा झेंडा लागला होता. पूर्वी भांडण झालं की लोक पंचांपुढे जात, गावकी बसे, आणि निकाल लागे. इंग्रजांनी नवी न्यायालये आणली. त्यांचे कायदे छापील, अर्जाला स्टॅम्प, तारखेला तारीख, आणि वरच्या न्यायालयात तर सगळा कारभार इंग्रजीतून. साध्या शेतकऱ्याला यातलं काय कळणार? मग त्याच्या वतीने बोलणारा माणूस लागू लागला. तो म्हणजे वकील.

'वकील' हा शब्द मात्र इंग्रजांचा नाही, बरं का. तो अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. शिवाजी महाराजांच्या काळातही वकील होतेच. एका राजाच्या वतीने दुसऱ्याच्या दरबारात जाऊन बोलणाऱ्याला वकील म्हणत. म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणे हा त्या शब्दाचा जुनाच अर्थ. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गणेश जोशी पुण्यात येऊन वकिली करू लागले. मुंबईला हायकोर्ट १८६२ साली सुरू झाले आणि वकिलीच्या धंद्याला चांगले दिवस आले. काकांचीही वकिली चालू लागली. तेवढ्यावर ते थांबले असते, तर आज मी त्यांच्याबद्दल लिहिले नसते.

पुण्याची पर्वती तुम्ही पाहिली असेल, निदान चित्रात तरी. टेकडीवरचे ते देवस्थान पेशव्यांनी उभारलेले. पेशवे गेले, पण देवस्थान राहिले. त्याच्या खर्चाला सरकारातून पैसे मिळत आणि कारभार पंच बघत. या कारभाराबद्दल लोकांच्या पुष्कळ तक्रारी होत्या. पुण्यातली काही मंडळी एकत्र येऊन बोलू लागली. तेव्हा प्रश्न निघाला: तुम्ही कोण? पुण्याच्या लोकांच्या वतीने बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आमच्या हेडमास्तरांचाच प्रश्न, नाही का?

दुसरा कोणी असता तर चिडला असता. पण काका पडले वकील. वकील न्यायालयात उभा राहतो तो अशिलाच्या कागदावर. अशिलाने वकालतनाम्यावर सही केली, की वकिलाला त्याच्या वतीने बोलायचा हक्क मिळतो. सही नसेल तर न्यायाधीश त्याला बोलूच देणार नाही. काकांना आणि त्यांच्या सोबत्यांना वाटले, मग हीच रीत साऱ्या गावासाठी का वापरू नये?

त्यातून २ एप्रिल १८७० रोजी 'पुणे सार्वजनिक सभा' स्थापन झाली. या सभेचा नियम ऐकण्यासारखा आहे. नुसती वर्गणी भरून कोणालाही सभासद होता येत नव्हते. ज्याला सभासद व्हायचे असेल त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांकडून मुख्त्यारपत्र आणायचे. ही माणसे कोणत्याही जातीची वा धर्माची असली तरी चालतील. मुख्त्यारपत्र म्हणजे 'हा माणूस माझ्या वतीने बोलेल, याचं बोलणं ते माझं बोलणं' असे लिहून दिलेला कागद. सभा सुरू झाली तेव्हा तिचे पंचाण्णव सभासद होते आणि त्यांच्या पाठीशी सहा हजार लोक होते. आता एक छोटे गणित करा. सहा हजाराला पंचाण्णवने भागलं तर एकेका सभासदाच्या वाट्याला किती येतात? त्रेसष्टच्या आसपास. म्हणजे पुष्कळांनी पन्नासावर थांबून दम खाल्ला नव्हता.

मुलांनो, त्या वेळी आपल्या देशात निवडणुका नव्हत्या. मुंबई इलाख्यात कायदे करण्यासाठी एक कौन्सिल होते, पण त्यात हिंदी माणूस बसायचा तो गव्हर्नरने नेमला तरच. मतपेटी नाही, प्रचार नाही, शाईचे बोट नाही. अशा काळात आपली माणसे आपण निवडायची, त्यांना लेखी अधिकार द्यायचा आणि त्यांनी सरकारशी बोलायचे, हा विचार या लोकांनी प्रत्यक्षात आणला. काकांच्या अंगातला वकील राजकारणात उतरला तो असा.

वकीलच राजकारणात का आले, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. खरेच, जगभर हेच दिसते. अमेरिकेचे अब्राहम लिंकन वकील होते. आपल्या मुंबईचे फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, बद्रुद्दीन तय्यबजी हे सगळे कायद्याचेच लोक. माझ्या मते याचे एक साधे कारण पोटापाण्याचे आहे. त्या वेळी शिकलेला माणूस बहुधा सरकारी नोकरीत असे. नोकर सरकारविरुद्ध बोलला तर त्याची बदली होणार, नाहीतर नोकरी जाणार. वकिलाला पगार सरकार देत नाही, अशील देतो. शिवाय कायदा काय म्हणतो हे त्याला माहीत असते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ साली पुण्यात न्यायाधीश म्हणून आले. सभेचे विचार पुष्कळसे त्यांचे. पण ते सरकारी नोकर, त्यांना उघडपणे पुढे होता येईना. तेव्हा रानड्यांनी विचार करायचा आणि काकांनी धावपळ करायची, अशी जोडी जमली. सीताराम हरी चिपळूणकर सभेचे चिटणीसपण सांभाळत.

आता काकांच्या कपड्यांबद्दल सांगितलेच पाहिजे.

इंग्रजी राज्यात आपला कापूस बोटीत भरून मँचेस्टरला जायचा आणि तिथल्या गिरण्यांचे कापड होऊन परत आपल्याकडे विकायला यायचे. आपल्या कोष्ट्यांचे माग बंद पडत चालले. काकांच्या मनाला हे लागले. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी शपथ घेतली, की यापुढे अंगावर देशी सुताचेच कापड घालीन. ते स्वतः सूत कातू लागले. वकील माणूस, अशील दारात बसलेले, आणि वकीलसाहेब सूत कातताहेत! लोक हसले असतील, यात मला तरी शंका नाही. पण काका तिथेच थांबले नाहीत. साबण, शाई, मेणबत्त्या, छत्र्या असल्या रोजच्या वस्तू इथेच बनाव्यात, त्या विकायला देशी मालाची दुकाने निघावीत, म्हणून त्यांनी खटपट केली.

'खादी' म्हटलं की तुम्हाला लगेच गांधीजी आठवतात. आठवावेतच. पण काकांनी शपथ घेतली तेव्हा मोहनदास गांधी पोरबंदरला सव्वादोन वर्षांचे बाळ होते, आणि लोकमान्य टिळक शाळकरी वयाचे होते.

याच खादीची एक मोठी गंमत पुढे दिल्लीला झाली. गंमत म्हणतो खरा, पण त्याला फार धैर्य लागले असेल.

१ जानेवारी १८७७. दिल्लीला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने मोठा दरबार भरवला होता. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आता हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, हे जाहीर करण्यासाठी. देशभरातले राजे-महाराजे हत्तींवर बसून आले. जरीचे पोशाख, हिऱ्यांचे तुरे, मोत्यांचे कंठे. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, म्हणजे पाचोडचा राजा निजाम. तोही त्या दरबारात होता. त्याचे नाव मीर महबूब अली खान आणि वय अवघे दहा वर्षे! तुमच्यातल्या पाचवीच्या मुलाएवढा. सगळा कारभार त्याचे दिवाण सालारजंग पाहत.

आता डोळ्यांपुढे आणा. एवढ्या झगमगाटात एक माणूस उठतो. त्याच्या अंगावर स्वच्छ पांढरी, हाताने कातलेल्या सुताची वस्त्रे. तो राजा नाही, सरदार नाही. तो पुणे सार्वजनिक सभेचा प्रतिनिधी आहे, गणेश वासुदेव जोशी. त्याने सभेचे मानपत्र वाचले. भाषा अगदी नम्र होती. पण त्या नम्र भाषेत मागणी काय होती? राणीच्या ब्रिटिश प्रजेला जे राजकीय आणि सामाजिक स्थान आहे, तेच हिंदी लोकांना द्यावे. म्हणजे थोडक्यात, इंग्रज आणि आम्ही सारखे. सम्राज्ञीच्या दरबारात, राजेलोक मान लववून बसलेले असताना, एका वकिलाने हे मागितले.

मागणी अर्थातच मान्य झाली नाही. ती पुरी व्हायला सत्तर वर्षे लागली, आणि तोवर मागणीही बदलून गेली होती.

त्या दरबाराची दुसरी बाजूही आहे. दिल्लीत मेजवान्या चालल्या होत्या त्याच दिवसांत दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला होता. १८७६ ते १८७८ चा तो दुष्काळ. पन्नास लाखांहून अधिक माणसे त्यात गेली असा अंदाज आहे. आमच्या भागात पाऊस कमी पडला की काय होते ते आम्हाला सांगावे लागत नाही. पण त्या वेळी टँकर नव्हते, रेशन नव्हते. सरकारने दुष्काळी कामे काढली: रस्ते खोदा, खडी फोडा, मजुरी घ्या. मग सरकारला वाटले खर्च फार होतोय. म्हणून मजुरी उतरवली. दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याला सुमारे अर्धा किलोहूनही कमी धान्य आणि वर एक आणा. बायकांना आणि मुलांना त्याहून कमी. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी असल्या मजुरीवर काम करायचे नाकारले. उपाशी माणसांचा संप, मुलांनो! याची कल्पना करवत नाही.

सार्वजनिक सभेने या लोकांची बाजू घेतली. पण नुसता आरडाओरडा केला नाही. सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवली. कुठे पीक किती बुडाले, धान्याचा भाव काय, गुरे किती मेली, माणसे कुठे निघून गेली, हे टिपून घेतले आणि सरकारपुढे मांडले. न्यायालयात पुराव्याशिवाय बोलायचे नाही, ही वकिलाची सवय इथे कामाला आली. दुष्काळाच्या आधी, १८७२ सालीही सभेने शेतकऱ्यांच्या हालांची अशीच चौकशी केली होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपले १८६५ साली, भाव कोसळला, आणि शेतकरी कर्जात बुडाला. सारा मात्र वाढत गेला. पुढे १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, ते एकाएकी नव्हे.

ही चौकशी झाली ती इंग्रजांच्या मुलखात. गोदावरीच्या पलीकडचा शेवगाव तालुका इंग्रजांचा, अलीकडचे आमचे पैठण-पाचोड निजामाचे. एकच नदी, एकच भाषा, एकच दुष्काळ, पण अर्ज करायचे ठिकाण वेगळे. अलीकडच्या काठावर अशी सार्वजनिक सभा त्या वेळी नव्हती. आमच्या पणज्यांच्या वतीने कुणी बोललेच नसेल, असा विचार कधीकधी माझ्या मनात येतो.

काकांनी आणखी एक उलटे काम केले. पुण्यात त्यांनी आणि रानड्यांनी लवाद-न्यायालय काढले. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून निवडलेला पंच. त्याच्यापुढे बसून आपसात तंटा मिटवायचा. स्टॅम्प नाही, हेलपाटे नाहीत, आणि वकिलाची फी पण नाही! म्हणजे डॉक्टरने दवाखान्याच्या दारात उभे राहून 'आजारी पडू नका रे' म्हणून सांगावे, तसेच हे.

घरात काकांना जोडीदार मिळाली तीही तशीच. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ च्या सुमारास 'स्त्री विचारवती सभा' काढली. बायकांची सभा, आणि तीही त्या काळात! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वेगवेगळ्या जातींच्या बायकांना एकत्र बोलावले. आज तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. तेव्हा शेजारच्या आळीतल्या बाईच्या हातचे पाणीसुद्धा घेत नसत, हे लक्षात घ्या.

आता गोष्टीतला सर्वांत अवघड भाग.

वासुदेव बळवंत फडके हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. रायगड जिल्ह्यातल्या शिरढोणचा हा तरुण पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होता. दुष्काळात लोकांचे हाल पाहून त्याचे मन पेटले. अर्ज-विनंत्यांनी काही होणार नाही, इंग्रजांना हाकलूनच लावले पाहिजे, असे त्याने ठरवले. रामोशी आणि इतर साथीदार जमवून त्याने १८७९ च्या सुरुवातीला बंड उभारले. मग पाठलाग सुरू झाला. फडके निजामाच्या मुलखात शिरले. तिथे रोहिल्यांची नवी फौज जमवायचा त्यांचा बेत होता. पण त्या वर्षीच्या जुलैत विजापूरकडच्या एका खेड्यात, तापाने फणफणलेले असताना, ते पकडले गेले.

फडक्यांना पुण्याला आणले. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याचा बुधवारवाडा आगीत जळाला होता, विश्रामबागवाड्यालाही आग लागली होती. सरकारला सगळीकडे फडक्यांचा हात दिसत होता. पुढे असे निघाले की या आगींशी फडक्यांचा संबंध नव्हता. पण तोवर पुण्याच्या शिकल्यासवरल्या लोकांवर संशयाची नजर बसली होती. खुद्द रानड्यांची धुळ्याला बदली झाली. अशा वेळी फडक्यांचे वकीलपत्र घेणार कोण? घेतले की पोलिसांच्या वहीत आपलेही नाव. लोक दारे लावून बसले.

वकीलपत्र घेतले ते काकांनी.

इथे थोडे थांबू या. काका फडक्यांच्या मार्गाचे होते का? नव्हते. आयुष्यभर त्यांनी कागद, सही, अर्ज, सभा यांवरच भर दिला. फडक्यांना हे सगळे फोल वाटत होते. म्हणजे ज्या रस्त्याला काकांनी आपले आयुष्य वाहिले, तो रस्ता टाकून गेलेल्या माणसासाठी काका न्यायालयात उभे राहिले. त्या दिवशी आरोपीच्या वतीने बोलायला कोणीतरी हवे होते, आणि हे काम करायला सभेच्या पुढाऱ्याला सर्वांत जास्त धोका होता. सभेवरही बालंट आले असते.

खटला अवघड होता. फडक्यांनी स्वतःच आपली हकिगत आणि रोजनिशी लिहून ठेवली होती, ती सरकारच्या हाती लागली होती. स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद कोणता वकील खोटा ठरवणार? नोव्हेंबर १८७९ मध्ये फडक्यांना जन्मठेप झाली. त्यांना एडनला पाठवले. तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

काका मात्र त्याआधीच गेले. २५ जुलै १८८० रोजी, खटल्याला वर्षही झाले नव्हते. वय बावन्न.

पाच वर्षांनी, १८८५ च्या डिसेंबरात, देशभरातल्या पुढाऱ्यांची पहिली मोठी बैठक पुण्यात भरायची ठरली. यजमान होती काकांची सार्वजनिक सभा. पण पुण्यात पटकीची साथ आली आणि बैठक मुंबईला हलवली. गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत बहात्तर प्रतिनिधी जमले. ती राष्ट्रीय सभा, म्हणजे काँग्रेस. पटकी आली नसती तर काँग्रेसचा जन्म पुण्यात झाल्याचे तुम्ही पाठ केले असते!

आता एक गोष्ट राहिली आणि ती सांगितली नाही तर मी खोटा पडेन. सार्वजनिक सभेवर त्या काळीच टीका करणारा एक माणूस पुण्यातच राहत होता. महात्मा जोतीराव फुले. त्यांचे म्हणणे असे, की सभेचे नाव 'सार्वजनिक', पण तिच्या कारभारात शेतकरी, माळी, महार, मांग कुठे आहेत? शेतकऱ्याची सही घ्यायची आणि बोलायचे मात्र दुसऱ्यानेच. फुल्यांचा हा प्रश्न काकांच्या नियमालाच धरून होता, असे मला वाटते. पन्नास सह्या कोणाच्याही चालतील असे नियमात लिहिले होते, पण सह्या आणणारे बहुतेक एकाच वर्गातले निघाले. काकांनी शेतकऱ्यांसाठी केलेले काम खरे, आणि फुल्यांचा प्रश्नही खरा. तुमच्या घरी आई-बाबांना विचारा, दोघांपैकी कोणाची बाजू त्यांना पटते. मात्र जेवायच्या वेळी विचारू नका, भाजी थंड होईल.

पालकांनाही एक विनंती. तुमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत शेताच्या कागदांबरोबर एखादे मुख्त्यारपत्र असेल. आमच्या भागात ते उर्दूत किंवा मोडीतही सापडते. मुलांना ते एकदा दाखवा. अंगठा कुठे उमटवला आहे, कोणी कोणाला बोलायचा अधिकार दिला आहे, हे वाचून दाखवा. हात तेवढे आधी धुवायला सांगा.

आणि हो, सहलीचे काय झाले ते सांगायचे राहिलेच. मी परवा पुन्हा त्या शाळेत गेलो. तीच तिघं दारात. या वेळी कागद आखीव होता आणि त्यावर ओळीने सह्या. वर्गातल्या चौपन्नपैकी एक्केचाळीस. वेरूळ! मुलीने कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सर, आता तिघं नाही, एक्केचाळीस आहोत."

हेडमास्तरांनी सह्या एकेक करून मोजल्या. मग चष्मा वर केला.

"बरं. उरलेले तेरा काय म्हणतात? त्यांना विचारलं का?"

तिघं पुन्हा वर्गाकडे पळाली.